देव टेम्पोत बसणार नाही

नॉटिंगहॅममध्ये खोली भाड्याने मिळावी म्हणून मला आधी बूट काढून दाखवावे लागले. दार उघडलं ते एका ठेंगण्या बाईंनी. पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, अंगात सलवार-कमीज आणि त्यावर हॉस्पिटलातला जुना निळा कार्डिगन. मी पुणेरी संस्कारांना जागून दारातच बूट काढले आणि आत निघालो.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे बूट कुठे निघालेत?"

मी वळून पाहिलं. एका बुटाचं तोंड जिन्याकडे होतं आणि दुसरा छत्र्यांच्या बादलीशेजारी आडवा झाला होता.

"बाहेर जायच्या दिशेला तोंड कर त्यांचं. जोडीने ठेव. आणि ठेवताना घराकडे पाठ करायची नाही. गुडघ्यावर बस."

मी बसलो. कंपनीने व्हिसा काढून, तिकीट हातात देऊन विलायतेला धाडलेला सॉफ्टवेअर इंजिनियर मी, आणि पहिल्याच संध्याकाळी एका परक्या बाईंच्या दारात गुडघे टेकून स्वतःचे बूट सरळ करत होतो. खोली मिळाली. पगार, कंपनी, व्हिसा यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. जो माणूस सांगितल्यावर खाली बसतो तो भाडेकरू म्हणून चालतो, एवढीच त्यांची परीक्षा होती, हे मला पुढे कळलं.

त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. इंग्रज शेजारीही सिस्टर आणि मराठी मंडळातही सिस्टरच. उभी हयात तिथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून गेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर अशी माणसं बाग करतात नाहीतर मांजर पाळतात. सिस्टरांनी जपानमधलं एक खेडं पाळलं होतं.

त्याचं असं झालं. मी राहत होतो त्याच खोलीत माझ्याआधी हारुको नावाची जपानी नर्स राहून गेली होती. ट्रेनिंग संपवून ती आपल्या गावी परतली आणि आईवडिलांची छोटीशी खानावळवजा धर्मशाळा बघू लागली. गाव उत्तरेकडच्या डोंगरात, भातशेतीचं. सिस्टर रिटायर झाल्यावर हारुकोला भेटायला म्हणून पंधरा दिवस तिकडे गेल्या, त्यात गावाचा शरद ऋतूतला उत्सव पाहिला, आणि परत आल्या त्या बाधा झाल्यासारख्या. तेव्हापासून दर वर्षी मंडळातली चारसहा माणसं घेऊन त्या उत्सवाला जायला लागल्या.

ही सहल नव्हती. सहल म्हटलं की सिस्टर भडकायच्या. कोणी यायची इच्छा दाखवली की त्याला आधी चहाला बोलवायच्या. मंडळातले एक अकाउंटंट एकदा आले आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "मग सिस्टर, तिथे बघायला काय काय आहे?"

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे टेम्पल्स वगैरे? साइटसीइंग?"

"बघायचंच असेल तर टीव्ही बरा. घरबसल्या दिसतं. तिथे माणसं वर्षभराचं भात कापून देवाला भेटायला जातात. आपण जायचं ते काम करायला. पाट्या उचलायच्या, भांडी घासायची, पताका लावायच्या. पाहुणे म्हणून गेलात तर पाहुणे म्हणूनच परत याल."

अकाउंटंट चहा न संपवताच उठले. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही. अकाउंटंटांचा कप मात्र मला विसळावा लागला.

मंडळाच्या गणपतीतही त्यांचा हाच खाक्या. एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसायचा. लोक गाड्यांतून उतरायचे, आरतीच्या शेवटच्या कडव्याला हात जोडायचे आणि मोदकांच्या रांगेत उभे राहायचे. सिस्टर हॉलच्या दारातच घमेलंभर काकड्या आणि सुऱ्या घेऊन बसायच्या. प्रसाद हवा असेल त्याने आधी दोन काकड्या चोचवायच्या. बर्मिंगहॅमहून आलेल्या एका बँकेतल्या मोठ्या साहेबांनी सूटच्या बाह्या सरसावून काकड्या चोचवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांना ते काम बरं जमत होतं.

जपानला जाणाऱ्यांचे वर्ग दिवाणखान्यात भरायचे. कॅमेरे उत्सव होईपर्यंत बॅगेतून निघणार नाहीत, हा पहिला नियम. रशात मासळीचं पाणी असतं, चालत नसेल त्याने भात आणि लोणचं खावं पण तोंड वाकडं करू नये, हा दुसरा. आणि मग यायचा गरम पाण्याच्या झऱ्यांचा तास. तिथे सगळे पुरुष एका कुंडात बसतात, आणि कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं असतं. सिस्टरांनी एक स्टूल आणि प्लॅस्टिकचा टब मांडून प्रात्यक्षिक दाखवलं, अर्थात कपड्यांत. शेवटी म्हणाल्या, "आणि अंगावर काही ठेवायचं नाही."

आमच्यात एक नागपूरचे डॉक्टर होते, हॉस्पिटलात भूल द्यायचे. पन्नाशीचा, भारदस्त, गंभीर माणूस. त्यांनी घसा खाकरला. "सिस्टर, निदान स्विमिंग ट्रंक तरी?"

"डॉक्टर, उभा जन्म मी पुरुषांना आंघोळी घातल्या आहेत. तुमच्याकडे नवीन असं काही नाही."

त्यानंतर कोणी शंका विचारली नाही.

त्यांना जपानी किती यायचं? नमस्कार, आभार, माफ करा, आणि 'मी करते'. बाकी सगळं मराठी. गावातल्या म्हाताऱ्यांशी त्या खुशाल मराठीत बोलायच्या आणि म्हाताऱ्या त्यांच्याशी जपानीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाहिलं, एका परसात सिस्टर आणि दोन म्हाताऱ्या मुळ्याच्या लोणच्यावर तासभर बोलत होत्या. सिस्टर सांगत होत्या, "अहो, मीठ जास्त झालंय, दगड ठेवा वर, दगड." आणि त्यांनी खरंच दगड ठेवला. हारुको दुभाषी म्हणून मदतीला आली तेव्हा तिघी संकोचून गप्प झाल्या.

"इंग्रजीत बोललं की ती माणसं घाबरतात," सिस्टर म्हणायच्या. "मराठीत बोललं की त्यांना कळतं, ही बाई काहीतरी घरचं बोलतेय."

आता उत्सवाविषयी सांगायला हवं. गावाच्या डोक्यावर, देवदारांच्या झाडीत एक देऊळ आहे. उत्सवाच्या दिवशी देव मिकोशीत बसून खाली नदीवर येतो. मिकोशी म्हणजे आपल्या पालखीची जाऊबाई. जाड दांड्यांवर ठेवलेलं काळ्या लाखेचं, सोनेरी कळसाचं लाकडी देऊळच ते, आणि वजन असं की दोन डझन माणसांचे खांदे हवेत. देव गावभर फिरतो, नदीचं पाणी बघतो, आणि पुन्हा वर जातो.

सिस्टर मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या माहेरी शिमग्यात पालखी निघते, खांद्यावर नाचते, घरोघर जाते. एरवी माहेराबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या या बाई एकदा भांडी पुसता पुसता म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे बायकांनी पालखीला खांदा द्यायचा नाही. ओवाळायचं आणि बाजूला व्हायचं. मी लहानपणी एकदा नुसता दांडीला हात लावला, तर काकांनी हात झटकला. त्या हाताने पुढे मी शेकडो माणसांचे जीव सांभाळले, पण ते झटकणं काही गेलं नाही." आणि मग, "हारुकोच्या गावात माणसंच उरली नाहीत. म्हणून बायकांना घेतात. कसं का होईना, घेतात."

माणसं उरली नाहीत, हीच तिथली रड होती. पोरं शहरांत गेली. शाळा बंद झाली. दर वर्षी मिकोशीखालचे खांदे कमी व्हायचे आणि उरलेले म्हातारे व्हायचे. आणि एका वसंतात, सकाळी सकाळी, हारुकोचा फोन आला. तिचे वडील उत्सवाचे प्रमुख होते. त्यांनी आणि गावातल्या ज्येष्ठांनी बैठक घेऊन ठरवलं होतं की यंदापासून मिकोशी खांद्यावर निघणार नाही. ती एका छोट्या टेम्पोवर चढवायची, दोरांनी बांधायची आणि हळूहळू गावातून फिरवायची. आजूबाजूच्या बऱ्याच गावांनी असंच केलं होतं.

सिस्टर हॉलमध्ये फोन धरून उभ्या होत्या. मी टोस्टला बटर लावत होतो.

"देव टेम्पोत?" त्या इंग्रजीतून एकदम मराठीत आल्या. "भाजी आहे का ती?" मग पुन्हा इंग्रजीत विचारलं, "किती खांदे कमी पडतात?"

दहा, हारुको म्हणाली.

"वडिलांना सांग, दहा खांदे येतायत. टेम्पो आणू नका म्हणावं."

हारुकोचे वडील सभ्य माणूस. त्यांनी निरोप पाठवला की त्या सकाळी पुरेसे खांदे देवळात उभे असतील तर मिकोशी उचलू. नसतील तर टेम्पो खाली उभा असेल. आणि एकदा टेम्पोत बसलेला देव पुन्हा खांद्यावर येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि सिस्टरांनाही.

दहा खांदे जमवायला सिस्टरांनी जे काही केलं त्याला मंडळात आजही 'धरपकड' म्हणतात. मी घरातच होतो, माझा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांना त्यांनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गाठलं. बर्मिंगहॅमची माया, तिकडेच जन्मलेली, शाळेत खेळ शिकवणारी, एका लग्नात टेबलावरून पडणारा स्पीकर एका हाताने झेलताना सिस्टरांना दिसली. त्या तिथेच तिच्यापाशी गेल्या. एडिनबरामध्ये शिकणारे दोघे, इथले दोन आयटीवाले नवरा-बायको, असं करता करता नऊ झाले. दहावा कोण, असं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "मी." गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वय सत्तरीला टेकलेलं, आणि उंची अशी की दांडी डोक्यावरून जाणार. पण बोलणार कोण?

रजेसाठी मी माझ्या मॅनेजरला खरं कारण सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, रजा मंजूर, फक्त कारण दुसरं लिही.

शेजारच्या कीथने, जो घरांची छपरं दुरुस्त करायचा, परांची बांधायच्या लोखंडी नळ्यांची एक चौकट करून दिली. तिच्यावर पाण्याने भरलेली दोन पिंपं. दर रविवारी वरच्या मैदानावर आम्ही ती खांद्यावर घेऊन फिरायचो. सिस्टर पुढे उलट्या चालत, हातात शिट्टी.

"पाणी सांडता कामा नये. आधी स्थिर धरायला शिका. नाचवायचं कसं ते मी तिथे सांगेन."

"आजी, माझा खांदा ओके आहे," माया म्हणायची, "पण माझा मान खूप दुखते."

"मान दुखते म्हणजे खांदा चुकतोय. आत घे."

डॉक्टर तर इतके तालात आणि गंभीरपणे चालायचे की एके रविवारी कुत्र्याला फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ आम्हाला पाहून थांबले, त्यांनी टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले. सिस्टरांच्या ते लक्षात आलं. नॉटिंगहॅमची माणसं प्रेमाने एकमेकांना 'डक' म्हणतात. सिस्टर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "नॉट येट, डक." गृहस्थांनी टोपी घातली.

उन्हाळाभर आम्ही असे चाललो. खांद्याला घट्टे पडले. ऑफिसात मी एका बाजूला वाकून बसायचो. सोडून द्यावं असं मला दर रविवारी वाटायचं, आणि दर रविवारी सिस्टर दाराशी शिट्टी गळ्यात घालून उभ्या असायच्या. त्यांच्यापुढे नाही म्हणायची सोय नव्हती.

उत्सवाच्या आदल्या दिवशी आम्ही गावात पोचलो. हारुकोच्या वडिलांना मी तेव्हा नीट पाहिलं. सडपातळ, ताठ, हातांची बोटं भाताच्या कामाने वाकडी झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, एकेक गवती वहाणांचा जोड दिला. नव्या भाताच्या पेंढ्याच्या, घट्ट विणलेल्या, लांब बंदांच्या. मिकोशी वाहणाऱ्यांनी त्या घालायच्या असतात. हारुको म्हणाली, बाबांनी सगळ्या स्वतः विणल्या, परदेशी पाय मोठे असतात म्हणून मोठ्या मापाच्या. आम्हीही दोन्ही हातांनी घेतल्या. घातल्या. पाय उबदार झाले.

मग आम्ही वर निघालो. हारुकोचे वडील आणि इतर ज्येष्ठ पूजेचं सामान घेऊन मागून येणार होते. देवळाच्या आवाराशी एक मोठी लाकडी कमान आहे. त्या कमानीपाशी जे झालं ते आमच्यापैकी कोणी ठरवून केलं नाही. आधी सिस्टरांनी वहाणा काढल्या. मग डॉक्टरांनी. मग मी. देवळात शिरताना पाय आपोआप मोकळे होतात, त्याला विचार लागत नाही. इतकी वर्षं सिस्टरांनी गावकऱ्यांच्या पायांत त्या वहाणा पाहिल्या होत्या, पण ते त्यांचे पाय. स्वतः त्या दर वर्षी कमानीबाहेर बूट काढूनच आत यायच्या आणि कोणी काही म्हणायचं नाही, कारण त्या खांदा देणाऱ्यांत नव्हत्या. आम्ही वहाणा जोडीजोडीने लावल्या, गुडघे टेकून, तोंडं बाहेरच्या दिशेला, सिस्टरांनी शिकवलं तसं अगदी सरळ ओळीत. आणि गार खडीवरून अनवाणी आत जाऊन मिकोशीपाशी उभे राहिलो. मनात म्हटलं, आता ही माणसं बघतील, आम्हालाही देवाची रीत कळते.

हारुकोचे वडील कमानीपर्यंत आले आणि थांबले. वहाणांच्या त्या ओळीकडे बघत राहिले. मग हारुकोच्या कानात काही बोलले. ती आमच्याकडे आली, चेहरा पडलेला.

"बाबा विचारतायत," ती इंग्रजीत म्हणाली, "लहान झाल्या का?"

सिस्टरांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या लालबुंद झाल्या. लहान नाही, लहान नाही, त्या घाईघाईने सांगू लागल्या. आमच्याकडे देवापुढे पायात काही घालत नाहीत, मान द्यायचा म्हणून काढल्या. हारुकोने ते सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं, मान हलवली, थोडं हसलेसुद्धा. मग ज्येष्ठांशी बोलले. हारुकोने परत येऊन निरोप दिला. त्यांना राग आलेला नाही. तुमची रीत त्यांना आवडली. पण वाट उभ्या उताराची आहे, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. अनवाणी कोणी घसरलं तर देव पडेल, आणि या वहाणा घातल्याशिवाय देवाला खांदा लागत नाही, ही त्यांची रीत. तेव्हा तुम्ही अनवाणी मागून चालत या. पायथ्यापर्यंत आम्ही कसंबसं उतरवू, खाली टेम्पो उभा आहे.

सगळं इतक्या मऊ शब्दांत सांगितलं की नकार मिळाला हे कळायला मला वेळ लागला. उन्हाळाभराचे रविवार, घट्टे, विमानप्रवास, आणि देव चालला टेम्पोत, आमच्याच भक्तीपायी.

"मी तर घालणार नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "सॉरी सिस्टर. खांदा द्यायला आलो होतो. पण देवळात वहाणा घालून? माझ्या आईला काय सांगू?"

जगाला रीती सोडायला लावणारी ही बाई तिथे खडीवर गोठल्यासारखी उभी होती. दुसऱ्याच्या घरी दुसऱ्यासारखं वागा, हे आम्हाला सांगणं सोपं होतं. आंघोळीचं, रशाचं, बुटांचं, सगळं त्यांना सोपं गेलं होतं, कारण त्यातलं काही त्यांच्या देवाच्या आड येत नव्हतं. हे येत होतं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं त्या माफी मागत होत्या, पण कोणाची ते मी विचारलं नाही.

मग त्या वळल्या आणि कमानीकडे चालत गेल्या. ओळीतला आपला जोड उचलला, कपाळाला लावला, आणि कमानीच्या दगडी पायरीवर बसून पायात घालू लागल्या. बंद काही बांधता येईनात. सकाळी हारुकोनेच बांधून दिले होते. तेव्हा हारुकोचे वडील पुढे आले, त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि बंद हातात घेतले.

सिस्टरांनी पाय झटकन मागे घेतला. "अहो, नको नको," त्या मराठीत म्हणाल्या. "तुम्ही वडीलधारे. माझे पाय धरू नका, पाप लागेल मला."

ते जपानीत काहीतरी बोलले. हारुको जवळ होती, पण तिने भाषांतर केलं नाही. सिस्टरांनी पाय पुढे केला. त्यांनी बंद घोट्याभोवती फिरवून घट्ट गाठ मारली, मग दुसऱ्या पायाला. सिस्टर सबंध वेळ हात जोडून बसल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बघत काय उभे आहात? घाला."

मायाने सगळ्यांत आधी घातल्या. डॉक्टरांनी शेवटी. त्यांनी आधी वहाणांनाच नमस्कार केला, आणि मग, "आईला मी सांगेन, सिस्टरांनी ऑर्डर दिली होती," असं पुटपुटत घातल्या.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दांडी खांद्यावर आली तेव्हा वाटलं, पिंपं म्हणजे खेळणं होतं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर वहाणांचं गवत असं पकडून धरत होतं की एकही पाय सरकला नाही. सिस्टरांनी हॉस्पिटलातल्या टॉवेलांच्या घड्या शिवून एक जाड गादी केली होती, ती खांद्यावर ठेवून त्यांचा खांदा दांडीला टेकला. रस्त्यावर आल्यावर आम्ही इतके जपून चालत होतो की गावातले म्हातारे अस्वस्थ झाले आणि ओरडायला लागले. काय म्हणतात ते कोणाला कळेना. सिस्टरांना मात्र कळलं.

"नाचवा रे," त्या गादीखालून ओरडल्या. "देवाला झोप यायला लागली. नाचवा."

आम्ही नाचवलं. घुंगरं वाजली, कळस डोलला, दारादारांतून म्हाताऱ्या बाहेर आल्या आणि हसायला लागल्या. टेम्पोचा ड्रायव्हर टेम्पो सोडून दांडीखाली शिरला. नदीच्या काठावर मिकोशी उतरवली तेव्हा हारुकोचे वडील पाण्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. डॉक्टरही रडत होते. सिस्टर तेवढ्या रडल्या नाहीत. त्या दांडीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि तो हात त्या काढतच नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा मैदानावर जायला लागलो होतो. चौकट कीथने आणखी मजबूत करून दिली होती. एका सकाळी फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होतो. हॉलमधून नुसतं ऐकू येत होतं, "हं. हं. किती जण? सगळे?" मी बाहेर आलो तर सिस्टर जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, फोन मांडीवर.

गेल्या उत्सवात तिथल्या वर्तमानपत्राच्या कोणीतरी आमचा फोटो काढला होता. परदेशी माणसं आणि टॉवेलांच्या गादीखाली एक बुटकी म्हातारी, गावाचा देव खांद्यावर घेऊन नाचतायत. तो फोटो गावातून शहरांत गेलेल्या मुलांनी पाहिला. त्यांनी तो कापून एकमेकांना पाठवला. आणि यंदा ते एकेक करून घरी फोन करत होते, रजा काढतो म्हणत होते. बायकांना, पोरांना घेऊन येणार होते. हारुकोच्या वडिलांनी निरोप दिला होता, आता खांदे पुरून उरतात. तुम्ही या, आमच्या पुढे बसा, जेवा, बघा. तुम्ही आमचे मोठे पाहुणे.

"सिस्टर, हे तर चांगलंच झालं," मी म्हणालो.

"चांगलंच झालं. हेच तर व्हायला हवं होतं." त्यांनी कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "पण एकदाच मिळाला रे खांदा. एकदाच. मला वाईट वाटतंय. वाटू दे थोडा वेळ."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. चहा करू का विचारलं, त्यांनी मान हलवली. किटली उकळून बंद झाली तरी त्या तशाच बसून होत्या. मी कप भरून आणला तेव्हा त्यांनी फोन पुन्हा उचलला होता आणि नंबर फिरवत होत्या.

"हारुको," त्या म्हणाल्या, "वडिलांना सांग, आम्ही पाहुणे म्हणून येत नाही. मला एवढंच सांग, तुमच्या नदीपलीकडे जे गाव आहे, त्यांचा देव कशातून फिरतो?"

त्यांनी ऐकलं. कप माझ्या हातातून घेतला आणि शेजारी पायरीवर ठेवला.

"वाटलंच मला. किती खांदे कमी आहेत?"

पलीकडून हारुको काहीतरी मोजत असावी. सिस्टरांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांना आणि मायाला फोन लाव. रविवारपासून मैदान बंद, टेकडीवर जायचं. त्या गावाला चढ जास्त आहे."